शिबिरातल्यासारखा चष्मा

परभणीला गाडीतून उतरलो आणि पहिलं काम केलं ते चष्मा काढायचं. मराठवाड्याचं ऊन एकदा उघड्या डोळ्यांनी बघावं, असं मनात होतं. डोळे आपोआप मिटले, पाणी आलं, आणि चष्मा परत नाकावर चढला. आपल्या खाडीकाठचं चैत्रातलं ऊन ओलं असतं, अंगाला चिकटतं. इथलं कोरडं. वरून पडतं तेवढंच जमिनीतूनही वर येतं.

चष्म्याचं आधी सांगून टाकतो, कारण गावी आल्यापासून जो तो तेच विचारतोय: एवढा महाग घेतलास, पैसे वसूल आहेत का? मी आठवीत शाळा सोडली, हे तुम्हाला माहीतच आहे. आता मस्कतच्या एका हॉटेलात कपडे धुण्याच्या खात्यात आहे. तिथे पोहायच्या तलावाकाठी पाहुणे असले चष्मे लावून आडवे पडलेले असतात. त्यांचे ओले टॉवेल उचलायला गेलो की त्या काळ्या काचांत मी दिसायचो, वाकलेला. यंदा सुट्टीला निघताना महिन्याचा सगळा पगार घालून तसाच एक घेतला. रुंद, कानशिलापर्यंत बाजू झाकणारा. काडीवर कंपनीचं नाव इतकं बारीक की ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळावं. दुकानातला माणूस म्हणाला, नाव जितकं बारीक तितका माल भारी. मला ते पटलंही.

घरी यायच्या आधी हिंगोली जिल्ह्यात गेलो तो मारोतीसाठी. मारोती माझा खोलीतला सोबती. परदेशात मला टायफॉईड झाला तेव्हा आपली पाळी संपवून तो माझ्या उशाशी बसायचा, पेज भरवायचा. त्याचे उपकार फिटणारे नाहीत. यंदा सुट्टी मला मिळाली, त्याला नाही. निघताना तो एवढंच म्हणाला, "माझ्या मायबापाला भेटून ये. बाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. शिबिरात जा म्हणून लई दिवसांपासून सांगून राहिलो, ऐकतच न्हाई. परवा मेंढरामागं जाता जाता इहिरीत पडता पडता वाचला. तू सांगून बघ."

"सांगतो की," मी म्हटलं.

परभणीहून औंढ्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना काळी शेतं आणि त्यांत मध्येच पिवळे चौकोन, जणू कुणी धोतरं वाळत घातलीत. शेजारच्या बाईंनी सांगितलं, ती उकडलेली हळद. काढायची, शिजवायची, उन्हात घालायची. वास बसमध्येसुद्धा येत होता, ओल्या मातीचा आणि लग्नघराचा मिळून. इथे चष्म्याचं काम मला पटलं. डांबरावर जे पाणी चमकल्यासारखं दिसतं ते यातून दिसतच नाही. पिवळा रंग पिवळाच राहतो, काळा काळाच. वजन तर जाणवत नाही. मी मनात म्हटलं, वसूल.

हट्ट्याला बस जरा थांबली. स्टँडसमोर एकाने उलट्या छत्रीवर गॉगल लटकवले होते. निळे, केशरी, आरशासारखे. मी उगाच त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. खरं म्हणजे त्याने माझा बघावा म्हणून.

त्याने बघितला. हात पुसून मागून घेतला, काडी वाकवून पाहिली, उन्हाकडे धरला. "काच लई भारी हाय भाऊ," तो म्हणाला. "पर ह्यो उंच नाकाच्या माणसासाठी बनविलेला हाय. तुमच्या नाकावर टिकून नाही राहायचा." आणि खरंच, तिथवर येईपर्यंत मी तो घामावरून किती वेळा वर ढकलला होता. "नाक कुठं मिळतं?" मी विचारलं. तो हसला. "ते तुमच्या कंपनीलाच विचारा."

औंढ्याला उतरून नागनाथाचं दर्शन घेतलं. चपला बाहेर ठेवल्या, पण चष्मा ठेवायची छाती होईना. गळ्यात अडकवला तर वाकताना पडेल, खिशात ठेवला तर गर्दीत मोडेल. म्हणून डोळ्यांवरच ठेवला. देव खाली, अरुंद पायऱ्या उतरून. तिथे अंधार, वर माझ्या काचा. पाय चुकला आणि मी पुढच्या माणसाच्या पाठीवर गेलो. त्याने वळून बघितलं, माझं मनगट धरलं आणि एकेक पायरी उतरवली. "आली आता, बस्स," असं लेकराला सांगावं तसं सांगत होता. मी देवापुढे हात जोडले ते चष्म्यासकट. तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं.

शिरड शहापूरला जाणाऱ्या जीपमध्ये मागची जागा मिळाली. रस्त्याकडेला एका मळ्यात हळदीला पॉलिश करायचा मोठा ड्रम फिरत होता. त्याचा पिवळा धुरळा सरळ जीपमध्ये आला, आणि नाकावरून घसरलेल्या चष्म्याच्या वरून सरळ माझ्या डोळ्यांत. शिरडला मी पाण्याने डोळे धुतले, चोळले, आणखी लाल केले. तिथून मारोतीचं घर मैलभर आत, शेतातच. पत्र्याचं घर, पुढे कडुलिंबाचं झाड, बाजूला काट्यांचं कुंपण घालून केलेला मेंढरांचा वाडा.

मारोतीची आई दारातच होती. त्याच्यासारखंच मीही तिला माय म्हणालो आणि पाया पडून उभा राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी वाट बघत होतो की ती चष्म्याबद्दल काही म्हणेल. तिने चष्मा वर उचलला, लाल डोळे बघितले आणि पटकन खाली सोडला.

"अगं माय! आपरेशन झालं काय लेकरा तुझं? इतक्या कवळ्या वयात?"

कुंपणापलीकडच्या शेजारणीनेही दुजोरा दिला. "माझ्या सासऱ्याला शिबिरात अस्साच भेटला होता. बाजूनं झाकल्याला. फुकट देतेत."

गावातली पोरं गॉगल लावत नाहीत असं नाही. शिरडच्या चौकात पाच-सहा बघितले. पण ते छत्रीवरच्यासारखे, निळे आणि चकचकीत. माझा मात्र हुबेहूब शिबिरातल्यासारखा. महिन्याच्या पगाराचा.

'नाही' म्हणायला एक क्षण होता. पण मग पुढे सांगावं लागलं असतं की हा मी मिरवायला लावलाय. आणि मायने माझा हात धरला होता. खरखरीत, गरम हात. दोन वर्षांत मला कुणी असं धरून घरात नेलं नव्हतं. मी म्हटलं, "हं."

एवढंच म्हटलं. पण मायने लगेच पथ्य सुरू केलं. बाज दाराच्या आडोशाला ओढली. जेवणात तिखट नाही, चिंच नाही. ज्वारीची भाकरी, दूध आणि अळणी वरण. आणि धूर लागू नये म्हणून घरातली चूल विझवून तिने बाहेर उन्हात तीन दगड मांडले. मी म्हटलं, "माय, कशाला तकलीफ?" ती डोक्यावर पदर ओढून भाकरी थापत म्हणाली, "गप बस. डोळा गेला की काय राहते मानसाचं?" मी बाजेवर, सावलीत, चष्मा लावून. ती उन्हात, जाळाशी. ते बघायला नको म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

दिवस मावळायला मारोतीचे वडील मेंढरं घेऊन आले. उंच माणूस, पागोटं, खांद्यावर घोंगडी. मेंढरं ते दिसण्यावर मोजत नव्हते, वाड्याच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येकीच्या पाठीवर हात टाकत होते. मायने सांगितलं तसे ते माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "तुझं झालंय तर एक गोष्ट बराबर सांग. सुई डोळ्याकडं येते तवा दिसते का?"

तेव्हा मला कळलं की माणूस कशाला भीत होता. दुखण्याला नाही. सुई येताना बघण्याला.

मारोती माझ्या उशाशी बसलेला आठवला. हे एवढं त्याचं काम. "नाही दिसत, बाबा," मी म्हटलं. "काहीच नाही दिसत."

"मंग जातो," ते म्हणाले. इतकं सोपं.

सकाळी शिबिराची गाडी शिरडला येणार होती. बाबा धुतलेलं धोतर नेसून बसले. एवढ्यात मारोतीचा फोन आला. मायने तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि ओरडूनच सांगितलं, "तुझा बा निघालाय रे! ह्या पाव्हण्यानं तयार केलं. ह्याच्याबी डोळ्याचं आपरेशन झालंय म्हणून त्यायला धीर आला. तू सांगितलं काहून न्हाई आमाला?"

मी चष्म्याआड डोळे मिटून घेतले. मारोतीला माझे डोळे ठाऊक होते. रोज सकाळी तो ते बघूनच उठायचा.

"बा खरंच निघाला का?" त्याने विचारलं.

"व्हय, धोतर नेसून बसलाय."

मग मारोती म्हणाला, "झालंय त्याचं. सांगायचं राहून गेलं, माय. काही तरास झाला न्हाई त्याला." आईशी खोटं बोलायचं नाही म्हणून पगार उशिरा झाला तरी तसं सांगणारा हा माणूस. माझ्या चष्म्यापायी बोलला. नंतर मला एकट्याला फोन करून म्हणाला, "बाचा दुसरा डोळा व्हायला पाहिजे. तवर बोलू नको काही." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा गेले. मी मात्र निघू शकलो नाही. काही बरंवाईट झालं असतं तर माझ्या शब्दावर झालं असतं. ते परत येईपर्यंत मी वाड्यातली लेंड्यांची झाडलोट करायला बघायचो आणि माय हातातून खराटा काढून घ्यायची. धुरळा उडतो म्हणून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. एका डोळ्याचं काम झालेलं, नाकावर शिबिराचा काळा चष्मा. आम्ही दोघं बाजेवर शेजारी बसलो तर शेजारीण हसत सुटली, "एका दुकानातले दिसून राहिले." बाबांच्या काड्या कडक होत्या, कानामागे टोचत होत्या. पण नाकावर त्यांचा घट्ट बसला होता आणि माझा घसरत होता.

"सुई दिसली न्हाई," बाबा म्हणाले. "बराबर सांगितलंस. पर एक सांगायचं इसरलास. तो उजेड! निळा, मंग लाल, पाण्यात हलल्यावानी. असा उजेड म्या जन्मात बघितला न्हाई. तितंच ठरवलं, घरी जाऊन पाव्हण्यासंगं बोलायचं. तुला कसा दिसला रे? निळाच ना?"

"निळाच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. जीपपर्यंत माय आली. "धुरळ्यात चष्मा काढू नको," म्हणाली. मी काढला नाही. औंढ्यापर्यंत नाही, परभणीपर्यंत नाही. कुणी बघत नव्हतं, तरी.

गावी येऊन आता बरेच दिवस झाले. तुम्ही विचारता म्हणून सांगतो. काच उत्तम आहे. उन्हात डोळा थंड राहतो, रंग बिघडत नाहीत, ओरखडा नाही. खाडीचं पाणी त्यातून तळापर्यंत दिसतं. छत्रीवरच्या गॉगलमधून तसं दिसत नाही, हे मी ताडून बघितलंय. पण ही काच पाव किमतीतही मिळते, असं चिपळूणच्या चष्मेवाल्याने सांगितलं. उरलेले पैसे मी त्या बारीक नावासाठी दिले, आणि सगळ्या हिंगोली जिल्ह्यात ते कुणी वाचलं नाही.

हे लिहायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी मारोतीच्या घरून फोन आला, चित्र दिसणारा. मी धावत जाऊन चष्मा शोधला, लावला, मग उचलला. आमच्या पडवीत, सावलीत. आई बघतच राहिली.

बाबांचा चष्मा सुटला होता. "तुझा चष्म्याचा महिना भरला का?" त्यांनी विचारलं.

"भरला, बाबा."

"मंग काढून दाव की."

मी काढला. त्यांनी फोन इतका जवळ घेतला की समोर फक्त त्यांचा तो एक डोळा राहिला, स्वच्छ आणि ओला. पहिल्यांदाच ते मला बघत होते.

"अगं, ह्याचे डोळे तर लेकरावानी निर्मळ निघाले! कंच्या डाक्टरनं केलं? नाव सांग. दुसऱ्या डोळ्याला म्या त्याच्याकडंच जातो. शिबिरात न्हाई जात आता."

नाव सांगायला डॉक्टरच नव्हता. आणि न सांगावं तर दुसरा डोळा तसाच राहणार.

"बाबा, माझं ऑपरेशन झालेलंच नाही. चष्मा हौसेचा होता."

तो डोळा हलला नाही. "आन सुई दिसत न्हाई म्हणलास ते?"

"ठाऊक नव्हतं मला."

"आन निळा उजेड?"

"मी नाही बघितला, बाबा."

त्यांनी फोन जरा लांब धरला. मग म्हणाले, "मंग तो म्या एकट्यानंच बघितला म्हण की." आणि पुढे, "शिबिरातच जातो मंग. तिथले डाक्टर बरे. म्हणले हुतं, थोडं टोचंल. तेवढंच टोचलं."

मायने फोन ओढून घेतला. आता ती बोलणार म्हणून मी मान खाली घातली.

"मंग तू तिखट खातोस का रे?" तिने विचारलं.

"खातो, माय."

"आन म्या तीन-चार दिवस तुला अळणी घातलं." तिने पदर तोंडाला लावला. "दारी आलेल्या पाव्हण्याला म्या अळणी जेवू घालून धाडलं. लोक काय म्हणतील मला?"