रीळ कानाला लावून बघावं

दुकानात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक पायऱ्या उतरून रस्ता ओलांडेपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो, आणि दुपारच्या चहापर्यंत त्याला दुसरा येऊन चिकटतो. आमचं दुकान खेळाच्या सामानाचं, गुलमंडीच्या मागच्या रस्त्याला. पुढं बॅटी, कॅरम, शटल, आणि अगदी मागच्या भिंतीला मासेमारीचा कोपरा. रॉड, रीळ, गळ, आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. तो कोपरा मी अकरा वर्षं सांभाळला. तिथले किस्से सांगितले की ऐकणारे हसतात. पूर्वी मलाही हसू यायचं.

मी दहावी शिकलेली. मिस्टरांची चिकलठाण्याची कंपनी बंद पडली तेव्हा इथं झाडायपुसायला लागले. कोपऱ्यावर तेव्हा पैठणकडचे एक म्हातारे काका होते. त्यांनी मला हाताशी धरलं. रीळ कानाला लावून दांडी फिरवायची, खरखर ऐकू आली तर खोका कितीही चकचकीत असो, परत ठेवायचा. रॉडचं टोक छताला टेकवून वाकवायचं. वाक टोकापासून मुठीकडं हळूहळू यावा, एकाच जागी कोपर मोडल्यासारखा आला तर तो रॉड नको.

फेकायला त्यांनी मला दुकानाच्या गच्चीवर शिकवलं, गळाऐवजी शिसं बांधून. तिसऱ्या दिवशी माझं शिसं शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधोमध जाऊन पडलं. शेजारीण वर आली. तिनं शिसं उचलून बघितलं, तंगुसाच्या दुसऱ्या टोकाला मला बघितलं.

"काही लागलं का गळाला?"

"नाही," मी म्हणाले.

"मग चार कुरडया घेऊन जा. रिकाम्या हातानं जाऊ नये."

खऱ्या पाण्यात मात्र मी आजवर गळ टाकलेला नाही. कुणी नेलं नाही, आणि दुकानाला सुट्टी असायची त्या दिवशी घरी धुणं असायचं.

* * *

आमचे शेठ तसे वाईट नाहीत. पण एकदा एक डॉक्टर आले, म्हणाले, "सगळ्यात भारी रॉड दाखवा."

मी विचारलं, "मासे कुठं धरणार?"

दौलताबादच्या पुढं त्यांचं शेत. शेतात शेततळं. तळ्यात त्यांनीच सोडलेले रोहू.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "तुमच्या तळ्यात ह्या काठावरून त्या काठावर दगड पोचतो. त्याला दहा फुटी रॉड कशाला? हा सहा फुटी फायबरचा घ्या. वजनाला थोडा जड आहे, पण पायाखाली आला तरी तुटत नाही. रॉडवर वाचतील ते रिळावर घाला. मासा ओढतो तेव्हा काम रिळाचं असतं."

डॉक्टर खूश होऊन गेले. शेठनी मला बोलावलं.

"बाई, गिऱ्हाईक भारी मागत होतं."

"त्यांना लागत नव्हतं, शेठ."

"भूक आहे का, असं हॉटेलवाला विचारतो का?"

त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. दसऱ्यापर्यंत कोपऱ्यातला भारी माल हलला नाही तर कोपरा बंद, तिथं योगा मॅट लागणार. तेव्हा आषाढ चालू होता. मला कामावरून काढणार नव्हते, मॅटजवळ उभं करणार होते. पण मॅट गुंडाळायला अकरा वर्षं शिकावं लागत नाही.

* * *

वाळूजच्या एका कारखान्यातले इंजिनिअर आले. त्यांना तेरा बेअरिंगचं रीळ हवं होतं. तेराच. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, जितकी बेअरिंग जास्त तितकं रीळ चांगलं.

मी पाच बेअरिंगचं एक रीळ पुढं ठेवलं. "साहेब, हे कानाला लावून फिरवा, मग ते तेराचं लावा."

"कानानं काय कळणार? मॅडम, तुमचं शिक्षण किती?"

"दहावी."

"तेच म्हटलं."

तेराचं घेऊन गेले. पावसाळा संपायच्या आत परत आले, रीळ फिरेना. आमच्याकडं रफिकभाई आहेत, रॅकेटच्या जाळ्या विणतात आणि दुकानातलं काहीही उघडून दुरुस्त करतात. त्यांनी रीळ उघडून कागदावर एकेक भाग मांडला. इंजिनिअरसाहेब मोजत होते. चार बेअरिंग निघाली. बाकी प्लॅस्टिकच्या चकत्या.

"आणि बाकीची नऊ?"

रफिकभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "साब, बाकी के डिब्बे पे छपे हैं."

साहेब हसले नाहीत. मी पाच बेअरिंगचं रीळ पुन्हा पुढं ठेवलं. त्यांनी ते कानाला लावलं नाही. नुसतं घेऊन गेले.

* * *

अशी गिऱ्हाइकं वर्षात दहा-बारा येतात, जी कोपऱ्यापाशी येऊन माझ्या डोक्यावरून मागं बघतात आणि विचारतात, "कुणी माणूस आहे का?"

श्रावणात एक आले. मी रफिकभाईंना हाक मारली. रफिकभाईंना मासा ताटातला माहीत. ते येऊन उभे राहिले. गिऱ्हाईक विचारायचं, मी खाली वाकून गळांच्या डब्या लावल्यासारखं करत हळूच सांगायची, आणि रफिकभाई ते मोठ्यानं म्हणायचे.

"मरळीसाठी कोणता रॉड?"

"जरा कडक, सात फुटी," मी खालून.

"कडक लो साब, सात फूट का," रफिकभाई वरून. "मरळ झाडझंखाड में रहती. नरम लिये तो गवतात घुसली, गई."

"आणि रिळाचा हा पुढचा नॉब?"

"ड्रॅग. घट्ट केला की तंगूस सुटत नाही, मोठा मासा तोडतो. हातानं ओढून बघायचं, तुटायच्या आधी सुटला पाहिजे."

रफिकभाईंनी तेही म्हटलं, हातानं ओढूनही दाखवलं. गिऱ्हाईक इतकं खूश की चहा मागवला त्यांच्यासाठी. जाताना शेठपाशी थांबून म्हणालं, "माहितगार माणूस ठेवलाय. त्या बाईंना ह्यांच्या हाताखाली द्या, शिकतील."

रफिकभाईंनी तो चहा घेतला नाही. कप आणून माझ्यापुढं ठेवला. "लो ताई. बोलने का तो बस मुँह मेरा था."

* * *

एक प्राध्यापक दोन दुपारी येऊन बसले. घाई नाही, बोलणं गोड, वही घेऊन आलेले. मी त्यांना सगळं दाखवलं. रॉडचे दोन तुकडे जोडून कानाशी हलवायचे, टकटक आलं तर सांधा ढिला. रिळावर तंगूस कडेपर्यंत भरायचं नाही, दोन कडधान्याच्या दाण्यांएवढी जागा सोडायची, नाहीतर भसाभस सुटून गुंता होतो. पहिल्या वर्षी महागातलं घ्यायचं नाही, कारण पहिलं वर्ष आपण मासे धरत नाही, झाडं धरतो. ते मनापासून हसले, लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पार्सलचा खोका घेऊन आले. फोनवरून मागवलं होतं.

"तेवढं तंगूस भरून द्याल का ताई? घरी जमेना."

भरून दिलं. गाठ मारून दिली. मग ते म्हणाले, "तुम्हाला एक गंमत दाखवतो," आणि फोन पुढं केला. जिथून मागवला त्याच साइटवर त्यांनी त्या रॉडबद्दल लिहिलं होतं. सांधा कानाशी हलवून बघा. दोन दाण्यांएवढी जागा सोडा. पहिलं वर्ष आपण झाडं धरतो. खाली लोकांनी लिहिलं होतं, सर, किती अनुभवातून बोलता, पुस्तक लिहा.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"शुद्धलेखन छान आहे," मी म्हणाले.

* * *

भादव्यात सोयगावकडचा एक माणूस आला. मेंढरं भावाकडं सोडून इथं सेंट्रिंगच्या कामाला आलेला. हाताला सिमेंट, पायात रबरी चपला. रविवारी मुकादम तळ्यावर जाऊ देतो म्हणाला.

शेठ माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "लक्ष ठेवा जरा."

त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "ठिवा बाई, नीट लक्ष ठिवा. रॉड कसा बघत्यात त्ये कळंल."

मग त्यानं एकेक रॉड घेतला आणि तंगूस ओवायच्या प्रत्येक कडीच्या आतून करंगळीचं नख फिरवलं. तिसऱ्या रॉडला थांबला. "हितं धारंची कड हाय. तंगूस हितंच कापंल." मी नख फिरवून बघितलं. होती. पुढं आणखी दोन रॉडना निघाली, त्यातला एक दुकानातला सगळ्यात महागडा. अकरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, काकांनीही नाही.

त्यानं सगळ्यात साधा फायबरचा घेतला. मी म्हणाले, "चांगला निवडलात दादा."

"व्हय. ह्यो लई साधा हाय," तो म्हणाला. "साध्याला लपवाया जागाच नाय."

तो गेल्यावर शेठनी त्या कोपऱ्यातले रॉड मोजायला लावले. सगळे होते.

* * *

गणपतीच्या सुमारास नवा माल आला. काळा रॉड, सोनेरी अक्षरं, सोबत रीळ, सगळं एका खोक्यात. शेठनी लाल चिकटपट्ट्या दिल्या, त्यांवर छापलेलं, "बेस्ट सेलर".

"शेठ, एकही विकला नाही अजून."

"म्हणून तर लावायचं."

मी रीळ कानाला लावलं. वाळूत पाय घासल्यासारखा आवाज. खोक्यात ठेवलं आणि चिकटपट्टी लावली.

दोन दिवसांनी एक निवृत्त हेडक्लार्क आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बायको मार्चमध्ये गेली होती. मुलगी म्हणाली, बाबा, घरात बसू नका, काहीतरी धरा, म्हणून मासे धरायचं ठरवलं होतं. हे सांगून स्वतःच थोडं हसले.

"मला ह्यातलं काही कळत नाही ताई. तुम्ही द्याल तो घेईन."

शेठ दोन हातांच्या अंतरावर उभे होते, कॅरमच्या सोंगट्या लावत. दसऱ्याला महिना राहिला होता. मी खोटं काहीच बोलले नाही. हात वर केला आणि काळा खोका खाली काढला. रीळ कानाला लावून बघा, एवढंच म्हणाले नाही.

दसरा पंधरा दिवसांवर आला तेव्हा ते परत आले. रॉड सांध्यात मोडलेला, रीळ अडकलेलं, दोन्ही स्वच्छ पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं.

"माझ्याच हातानं काहीतरी चुकलं असणार," ते म्हणाले. "तुम्ही वाईट द्यायच्या नाहीत. कुठं चुकलं तेवढं दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी तसं करणार नाही."

मला त्यांच्याकडं बघवेना. "तुमचं नाही चुकलं काका," मी म्हणाले.

"मग?"

मी फायबरचा रॉड काढला, रीळ काढलं. त्यांच्या कानाला लावून दांडी फिरवली, आणि मग त्या काळ्या खोक्यातलं दुसरं रीळ लावून फिरवली. शेठ बघत होते, मी आवाज खाली घेतला नाही. "हा फरक त्या दिवशीच ऐकवायला हवा होता. मी ऐकवला नाही." त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. फायबरचा बदलून घेतला, थँक यू म्हणाले आणि गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

शेठ म्हणाले, "बाई, दसरा जवळ आलाय."

"माहीत आहे, शेठ."

दसऱ्याला कोपऱ्यातला माल खोक्यांत भरून माळ्यावर गेला. मॅट आल्या, जांभळ्या आणि हिरव्या, त्यांना झेंडूची माळ घातली. रफिकभाईंनी एक मॅट उलगडून बघितली, पुन्हा गुंडाळली, आणि आपल्या जाळ्या विणायला जाऊन बसले.

* * *

शेठच्या लेकीचा ह्या वर्षी पहिला दिवाळसण. जावई पुण्याचे. सासऱ्यांनी विचारलं, अंगठी करू की घड्याळ घेऊ, तर म्हणाले, मला मासेमारीचा नाद आहे, तुमच्या दुकानातला रॉडच द्या.

पाडव्याला सकाळी दुकान पूजेपुरतं उघडलं होतं. मी आणि रफिकभाई फराळाला आलो होतो. शेठनी माळ्यावरचे खोके खाली उतरवून घेतले आणि मॅटवरच मांडायला लावले. जावई मांडी घालून बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी सोनेरी अक्षरांच्या खोक्याला हात घातला.

"हा भारी दिसतोय, पप्पा."

शेठ पुढं झाले. तो खोका त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला, हसत हसत, आणि पाठीमागं ठेवला. मग उठून माझ्यापाशी आले. जावयाला ऐकू जाणार नाही इतपत आवाज खाली घेतला.

"बाई," ते म्हणाले, "ह्यांना मात्र खरं सांगा."