शिवलिंगअण्णांची साक्षीदार

तालुका कचेरीत पाठवण्याआधी शिवलिंगअण्णा माणसाकडून शब्द पाठ करून घेत. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, ठाणाकुशनूरला ते आमच्या समोर राहत, लोकांचे अर्ज लिहून देत. मडगावला एका म्हाताऱ्या वकिलाकडे बरीच वर्षं कारकुनी केल्यामुळे त्यांना पोर्तुगीज येई. लाच म्हणजे इंग्रजीत ब्राइब, पोर्तुगीजमध्ये सुबोर्नु. साक्षीदार म्हणजे विटनेस, तेस्तेमुन्या.

"इंग्रजी साहेबापुढं बोलायचं, त्याला वाटतंय माणूस शिकलेला हाय. पोर्तुगीज आपसात. त्याच्या बापाला कळणार न्हाई," असं ते म्हणत. रांगेत दलाल जवळ आला की ते खोकल्यासारखं करून 'सुबोर्नु' म्हणत, आणि मला हसू आवरत नसे. मलाही ते हे शब्द शिकवत; पोरीला वकील करायलाव का, असं आई त्यांना विचारायची. अण्णा मान हलवून व्हय म्हणायचे.

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. जातीच्या दाखल्याशिवाय वसतिगृहात जागा मिळणार नव्हती. कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे शेजारच्या शांताबाई होत्या, विधवा पेन्शनसाठी. कारकुनाने त्यांच्याकडे सरळ पैसे मागितले. मी ते ऐकलं. अण्णांनी तक्रार लिहिली आणि मला विचारून साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं.

बीदरहून साहेब चौकशीला आले. माझा अर्ज त्याच कारकुनाच्या टेबलावर होता, वसतिगृहाच्या मुदतीला दोन दिवस उरले होते. मुलीला जपून बोलायला सांगा, एवढंच त्याने आदल्या दिवशी बाबांना सांगितलं होतं. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, पैसे मागताना तू ऐकलंस का? बाबा फरशीकडे बघत होते. मला ऐकू आलं नाही, असं मी म्हणाले.

तक्रार बंद झाली. मला संध्याकाळी दाखला मिळाला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो हातात घेतला आणि माझं नाव, बाबांचं नाव, शिक्का, सगळं बोट ठेवून तपासलं.

"बरोबर हाय. आता कॉलेज सोडू नकोस, अक्का."

"अण्णा, मी ऐकलं होतं."

"ठाव हाय मला. तुझा अर्ज तिथंच अडकलाय, हे दिसायलं होतं. तरी तुझं नाव कामून घातलं मी?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे ते मुलाकडे मडगावला गेले आणि तिथेच वारले.

गेल्या सुट्टीत शांताबाईंचा पेन्शनचा नवा अर्ज मी लिहून दिला. अर्जावर साक्षीदार कोण घालायचा, हे त्यांनी मला विचारलं नाही.