गोधडीतली पांढरी पट्टी

आमच्या भांडुपच्या चाळीत भारताकडून क्रिकेट खेळलेली एक बाई राहायची, असं मी सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे तिचा नवरा खेळायचा ना?" या प्रश्नाचा मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो. नवरा नाही हो. बाईच. एक दिवसाचे सामने खेळली ती, देशाचा स्वेटर घालून. आणि स्वेटरच्या खाली माझ्या आईने शिवलेली पँट घालून.

ती आमच्या समोरच्या खोलीत आईवडिलांबरोबर राहायची. मी तिला ताई म्हणायचे. मी सात-आठ वर्षांची होते तेव्हा तिने विशी ओलांडली होती. लांब हात, रापलेलं तोंड, आणि गॅलरीतून चालली की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. ती मध्यमगती गोलंदाजी करायची. सकाळी मैदानावर जाताना खांद्याला किटची पिशवी, आणि येताना त्याच पिशवीत पॅडच्या वर कोथिंबिरीची जुडी. भारताच्या संघात तिचं नाव आलं, तेव्हा चाळीतल्या बायकांनी तिची दृष्ट काढली आणि पुरुषांनी एकमेकांना विचारलं की बायकांचा संघ असतो का?

संघाकडून तिला स्वेटर मिळाला, टोपी मिळाली. पँट मात्र ज्याची त्याने आणायची होती. बाजारात मिळायच्या त्या सगळ्या पुरुषी मापाच्या, कंबरेला बसली तर मांडीला अडायची. स्टेशनजवळचा जेन्ट्स टेलर बाईमाणसाचं माप घ्यायला तयार नव्हता. शेवटी ती आमच्या दारात उभी राहिली.

"काकी, तुम्ही शिवाल?"

आई चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, पोरींचे फ्रॉक शिवायची. पँट तिने जन्मात शिवली नव्हती. पण नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही. तिने बाबांची एक जुनी पँट घेतली, शिवण न् शिवण उसवून तिचे तुकडे जमिनीवर मांडले आणि दोन दिवस नुसती त्यांच्याकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने ड्रिलचं पांढरं जाड कापड कापलं. बाबा म्हणाले, "माझी पँट परत जोडणार आहेस ना?" ती जोडायची राहिली ती राहिलीच.

पँट झकास झाली. ताईने घालून गॅलरीत धावून दाखवलं, वाकून दाखवलं. आईचा चेहरा असा फुलला होता की मला थोडा हेवाच वाटला. माझ्या फ्रॉकसाठी ती कधी इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती.

चार दिवसांनी ताई सरावाहून लंगडत आली. दोन्ही मांड्या आतून सोलपटल्या होत्या.

"अगो, ह्या काय झाला?" आई घाबरून म्हणाली. घाबरली की तिला तिची मालवणी सुचायची, एरवी ती चाळीतल्यासारखंच बोलायची.

झालं होतं ते असं. ब्लाउज शिवणारी बाई शिवणीच्या आत माया सोडते, म्हणजे जादा कापड ठेवते. मुलीचं लग्न होतं, पोरंबाळं होतात, अंग भरतं, मग शिवण उसवून तोच ब्लाउज सैल करायचा. आमच्याकडे सगळ्यांचे कपडे असेच वर्षानुवर्षं पुरायचे. आईने पँटलाही तशीच माया सोडली होती, चांगली दोन-दोन बोटं, पायाच्या बाहेरच्या शिवणीलाही आणि आतल्याही. ब्लाउज घालून कोणी धावत नाही. ताई मात्र दिवसभर धावत होती, आणि त्या जाड कापडाची घडी तिच्या मांडीला घासत होती.

"माझाच चुकला गो," असं म्हणत आईने त्याच दुपारी पँट उलटी केली आणि सगळी माया कापून काढली. अगदी शिवणीलगत. नखाएवढंही कापड आत राहू दिलं नाही. वर मऊ मलमलची पट्टी लावली. पुन्हा काही टोचलं नाही. ताई ती पँट घालून भारताकडून तीन सामने खेळली. रेडिओवर त्याबद्दल एक शब्द आला नाही. पेपरात खालच्या कोपऱ्यात दोन ओळी आल्या, त्या आईने कापून मशीनच्या खणात ठेवल्या.

आणि कापलेल्या त्या लांब पट्ट्या? आमच्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नसे. त्या थंडीत आई माझ्यासाठी गोधडी शिवत होती. तिच्या वरच्या काठाला, बरोबर माझ्या हनुवटीशी येतील अशा, तिने त्या पट्ट्या लावल्या. मला त्या पट्ट्यांचं वेडच लागलं. ड्रिलच्या विणीतली ती तिरपी रेघ नखाने खरवडत खरवडत मला झोप यायची. शाळेत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी इंडियाची पँट पांघरून झोपते. कोणी विश्वास ठेवायचं नाही, मग मी मारामारी करायचे.

पुढे ताईचं लग्न झालं, ती मालाडला गेली. माणसं चांगली होती. वर्षा-दीड वर्षात तिला मुलगी झाली. त्याच सुमारास पुरुषांनी विश्वचषक जिंकला, आमच्या चाळीत टीव्हीसमोर ही गर्दी. त्या दिवशी ताई माहेरी आलेली होती. बाळाला मांडीवर घेऊन ती सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. सगळे नाचायला लागले तेव्हा तीही हसत होती, टाळ्या वाजवत होती. आई मात्र टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, ताई पुन्हा आमच्या दारात उभी. हातात तीच पँट. रविवारी निवडीचा सामना होता. पोरगी रांगायला लागल्यापासून ती सराव करत होती, सासूबाई बाळाला सांभाळत होत्या. सगळं जमलं होतं, पँट तेवढी वर चढत नव्हती.

"थोडी सैल करून द्या ना काकी."

आईने पँट उलटी केली. आत काहीच नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने सगळं कापून टाकलं होतं. ती शिवणीवरून बोट फिरवत राहिली, जणू काही कुठेतरी एखादं बोटभर कापड राहिलं असेल.

"नवीन शिवते गो तुला. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"नवीन नको," ताई म्हणाली. "याच्यातच मी इंडियासाठी खेळले, काकी. ही अंगात गेली तर मी पण परत आत जाईन असं वाटतंय. येडेपणा आहे, मला कळतं."

खेळाडूंचे असले हट्ट असतात, पण आईला ते माहीत असायचं कारण नव्हतं. हळूच मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या मागे घडी घालून ठेवलेल्या गोधडीकडे.

मी गोधडी धरून बसले. देणार नाही म्हणजे नाही. दहा वर्षांची घोडी झाले होते, पण भोकाड पसरलं. आई ओरडली नाही. ताईच माझ्यासमोर उकिडवी बसली.

"उसनी दे ना गं. खेळून झालं की परत करते. शप्पथ."

"नक्की?"

"नक्की. खेळून झालं की लगेच."

मग मी दिली. आईने ब्लेडने टाके उसवले. मी बाजूला बसून नाक ओढत होते आणि निघालेले धागे गोळा करत होते. ताईने पँटला इतक्या वेळा नीळ घातली होती की ती निळसर पांढरी दिसायची, आणि गोधडीतल्या पट्ट्या झाल्या होत्या ताकासारख्या. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंना त्या उभ्या लागल्या. लांबूनही कळायचं. ताईला त्याचं काही नव्हतं. ती चढवून तिने आईला उचललंच.

रविवारी आई आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेली. बाळ तिच्या मांडीवर, मी शेजारी. ताईचा स्पेल सुरू झाला. आईचं चेंडूकडे लक्षच नव्हतं, ती शिवणीकडे बघत होती. ताईने एकदा चौकार अडवायला आडवी उडी मारली, तशी आई उभी राहून ओरडली, "आडवी पडू नको गो, शिवण उसवतली!" आजूबाजूचे लोक हसले. शिवण उसवली नाही. ताईने चेंडू अडवला, उठली, आणि आमच्या दिशेने बघून मांडीवर थाप मारली.

तिची निवड झाली. बाईमाणूस, तान्ह्या पोरीची आई, पुन्हा भारताकडून खेळली. त्या वर्षी खेळली, पुढच्या वर्षीही खेळली. चाळीत पेढे वाटले तेव्हा मीच घरोघर फिरले. पण माझी गोधडी वरच्या काठाला उघडीच होती. आईने दुसरी पट्टी लावते म्हटलं तर मी लावू दिली नाही. ताई माहेरी आली की मी तिला गाठायचे.

"ताई, माझी पट्टी कधी देणार?"

"खेळून झालं की."

"कधी होणार खेळून?"

ती हसून माझ्या टाळक्यात टपली मारायची. मी तिला हे किती वेळा विचारलं याची मोजदाद नाही. दिवाळीला विचारलं, तिच्या पोरीच्या वाढदिवसाला केक खाता खाता विचारलं. आपण काय विचारतोय हे मला कळत नव्हतं. आणि तिने कधीही मला गप्प बस म्हटलं नाही.

मी सातवीत होते तेव्हा ती एका सकाळी आली. आई बाजारात गेली होती. ताईच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं. मी कागद उघडला. पँट होती, धुतलेली, कडक इस्त्री केलेली. एका गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग होता, तो काही गेला नव्हता.

"घे बाई तुझी पट्टी," ती म्हणाली. "शप्पथ घेतली होती ना."

"पण मग तू काय घालणार?"

"यादी लागली काल. नव्या पोरी आल्यात. चांगल्या टाकतात गं, खरंच." ती दाराच्या चौकटीकडे बघत होती. "झालं माझं खेळून."

मी ती पँट तिच्या हातात कोंबायला लागले. नको मला, मी म्हटलं, मला आता थंडी वाजत नाही, मी मोठी झाले, ठेव तू, तुला लागेल. ती घेईना, मी सोडीना. शेवटी ती खाली बसली आणि आम्ही दोघी ती पँट मध्ये धरून रडलो.

आई पिशवी घेऊन आली तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो. तिने पँट पाहिली. पिशवी खाली ठेवली, ताईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्या हातातून पँट सोडवून मशीनच्या खणात, त्या दोन ओळींच्या कात्रणावर ठेवली.

पट्टी तिने उसवली नाही. गोधडी अजून माझ्याकडे आहे, वरच्या काठाला उघडी.