दुपारची तिथी

सात रस्त्याच्या खाणावळीत मी वाढपी आहे. सातवीत शाळा सुटली, गाव लांब हिंगोलीकडे. लॅपटॉपवाली एक बाई रोज कोपऱ्यात जेवायची. तारखा मोजणाऱ्या तयार कोडला ती तिथ्या जोडत बसायची, ताटातला भात गार होईपर्यंत. एकदा भीतभीत विचारलं, "ताई, माझ्या आईचं वर्षश्राद्ध परवाच ना? मोबाईल तसंच दाखवतोय."

आई गेली ती तिथी विचारून तिनं मोजून बघितलं. "उद्याच हाय की, दादा! मोबाईल सूर्योदयाची तिथी धरतो. श्राद्धाला दुपारची बघायची." मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "माझ्या बाबांचं असंच चुकलं. म्हणून तर हे लिहितीया."

मी तसाच निघालो, गाडीत उभ्यानं गाव गाठलं. आईच्या पानाशेजारी त्या ताईच्या वडिलांसाठीही एक पान वाढलं. त्यांचं नाव घ्यायची वेळ आली, ते तर विचारलंच नव्हतं; तेव्हा नुसतेच हात जोडले.