शॉकअप गॅसचे की तेलाचे?

माझ्या थोरल्या साडूंइतका ठाम माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच तर त्याची आणि आमच्या साडूंची अजून गाठ पडलेली नाही, नाहीतर दोघांपैकी एकाला जिल्हा सोडावा लागला असता. बंदराजवळ त्यांचं जाळी आणि दोरखंडांचं दुकान आहे. गिऱ्हाईक एक दोर मागतं, साडू त्याच्या होडीची चौकशी करतात आणि दुसराच दोर त्याच्या हातात ठेवतात. गिऱ्हाईक तो मुकाट घेऊन जातं, आणि गंमत म्हणजे पुन्हा येतं. दुकानासमोर गाडी थांबवून कुणी रस्ता विचारला, तर 'मला माहीत नाही' हे शब्द काही त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाहीत. एकदा मुंबईच्या एका कुटुंबाला मालगुंडला जायचं होतं, तर यांनी त्यांना चक्क हातखंब्याकडे पिटाळलं. मी म्हटलं, "भाऊ, अहो मालगुंड समुद्राकडे, हातखंबा पार उलटा." जराही न बिचकता म्हणाले, "लांब पडेल. पण रस्ता बघ कसा ऐसपैस आहे! लहान पोरं होती गाडीत, दिसली नाहीत तुला?" ते कुटुंब त्या दिवशी कुठे पोचलं, ते देवाला ठाऊक.

लग्नाच्या वेळीही हाच खाक्या. माझ्या मेहुणीला बघायला आले, तेव्हा पोह्यांच्या बशा बाहेर यायच्या आधीच यांनी "पसंत आहे" म्हणून सांगून टाकलं. "अहो, मुलीला तर बघा," असं आमचे सासरे म्हणाले. त्यावर, "तुम्हाला बघितलं ना? पुरे," असं उत्तर आलं. आमचे सासरे, म्हणजे अण्णा, त्या दिवसापासून थोरल्या जावयाच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, आणि थोरले जावईही अण्णांच्या. मी धाकटा जावई. मला पोहे खाऊन झाल्यावर पसंत केलं गेलं, त्यामुळे माझी पायरी आधीपासूनच खालची.

साडूंची पिकअप हे तर एक वेगळंच प्रकरण. खेडच्या एका ठेकेदाराकडून घेतलेली, चारही चाकांना जोर मिळणारी, चालकाच्या मागेही बसायची सोय असलेली. ती कुठल्याही चढावर चढते, नदीच्या गोट्यांतून जाते आणि आत बसलेल्याला त्यातला एकेक गोटा ओळखून दाखवते. "माहेराहून विरजण घेऊन निघावं तर घरी पोचेस्तोवर लोणी निघालेलं असतं," असं मेहुणी म्हणते. साडूंना त्याचं काही नाही. "गाडी दणकट आहे, माणसं नाजूक आहेत," एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला होता.

असा हा माणूस गेल्या वर्षी एका प्रश्नापाशी अडला आणि हलेनाच. त्याचं कारण होते अण्णा. अण्णांचं घर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या वाडीत. डांबरी रस्ता खालीच संपतो आणि वर नुसता कातळ, दगड आणि पावसानं ओरबाडलेल्या चऱ्या. आंब्याच्या कलमांत पाय घसरून अण्णा पडले, कंबर दुखावली. वाडीतल्या लोकांनी डोलीत घालून त्यांना खाली आणलं, ऑपरेशन झालं आणि ते साडूंच्या घरी राहिले. बसायला, चार पावलं टाकायला लागले, तसं रोज सकाळी एकच सुरू झालं: "मला घरी न्या." डॉक्टर म्हणाले, "जायला हरकत नाही, पण कंबरेला हिसके बसता कामा नयेत." वाडीतले लोक पुन्हा डोली घेऊन यायला तयार होते. पण अण्णा हटून बसले. "डोलीत घालून माणसाला खाली नेतात. वर जाताना मी बसून जाणार. सगळी वाडी बघत असणार, कळलं?"

"मी नेतो," साडू तिथल्या तिथे म्हणाले, आणि मग बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या गाडीत बसल्यावर काय होतं याची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही हातखंब्याच्या गॅरेजात. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, धक्के झेलणारे शॉकअपच पार मेलेत. गॅसचे टाकू की तेलाचे?" साडूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी साक्षीदार आहे. मिस्त्रीनं समजावलं की तेल दोन्हींत असतं. पण गॅसवाल्यात त्या तेलावर गॅसचा दाब असतो, म्हणून खडबडीत रस्त्यावर कितीही हाणली तरी तेलाला फेस येत नाही, शॉकअप दम सोडत नाही. नुसतं तेलाचं मऊ चालतं, पण खूप पळवलं की तापतं आणि ढिलं पडतं. "मग अण्णांना कुठलं?" साडूंनी विचारलं. मिस्त्रीला अण्णा कोण ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, "अण्णा काय म्हणतायत?"

मग साडूंनी जगाला विचारायला सुरुवात केली. ज्या माणसानं जन्मात कुणाला वेळ विचारली नाही, तो बोटीवरच्या तांडेलाला, एसटीच्या ड्रायव्हरला, वाळूच्या ट्रकवाल्याला अडवून "गॅस की तेल?" विचारू लागला. उत्तरं अर्थात निम्मी इकडे, निम्मी तिकडे. शेवटी त्यांनी मिस्त्रीला हुकूम सोडला: उजव्या बाजूला गॅसचे लाव, डाव्या बाजूला तेलाचे. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "भाऊ, असं कोण करीत नाय हो! गाडी खेकड्यासारखी चालंल." "तुलना एकाच दगडावर झाली पाहिजे," साडू म्हणाले. उजवीकडे मला बसवलं, डावीकडे मेहुणीला, आणि दोघांच्या मांडीवर काठोकाठ सोलकढीचं एकेक पातेलं. वाडीच्या वाटेला गाडी कुठल्या अंगानं जाणार हे गाडीलाही ठरवता येईना. पहिल्या चढापर्यंत माझा पांढरा लेंगा गुलाबी झाला होता. मेहुणीच्या पातेल्यात निम्मी तरी कढी शिल्लक होती. "गो, तू काय जादू केलीस?" साडूंनी विचारलं. "तुम्ही चालवताना मी रोजच सांभाळून बसते," ती म्हणाली.

पण निकाल लागला होता. साडूंचा आवाज परतला. "तेलाचे! पळवायची असती तर गॅसचे घेतले असते. अण्णांना घेऊन काय शर्यत लावायचीय? माणूस चालेल तेवढ्या वेगानं जायचं. तिथं मऊ पाहिजे." आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. मिस्त्रीसुद्धा हो म्हणाला आणि उजवीकडचे काढून तिथेही तेलाचे बसवले.

ठरल्या दिवशी अण्णा धुतलेलं धोतर नेसून मागच्या सीटवर बसले, भोवती उशा, शेजारी मी. डांबरी रस्ता संपला तशी गाडी अशी काही चालू लागली की गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. साडू आरशात बघत दर दगडाला विचारत होते, "अण्णा, लागलं?"

"छे! पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय," अण्णा म्हणत.

आणि शालीखाली त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. दर दगडाला. शेवटच्या चढावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी "भाऊ, थांबा" म्हणायला गेलो, तर अण्णांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी दुसरं मनगटही शालीखाली सरकवलं.

वर सगळी वाडी जमली होती. अण्णा काठी टेकून स्वतःच्या पायांनी उतरले, कंबरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावयाची गाडी आहे, काय समजलात! एक धक्का लागला नाय." साडूंचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. नंतर पडवीत मी एकटा सापडलो तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "त्यांच्याकडे काही बोलू नका हां. किती दिवस धड झोपले नाहीत ते."

अण्णांनी पावसाळा वरच काढला. सकाळी अंगणात बसायचे, कलमांकडे बघत. दिवाळीनंतर आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर गेले. त्यांना पुन्हा खाली आणावं लागलं नाही.

दिवसकार्य उरकून मी आणि साडू गाडीत बसलो. त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर बघतच म्हणाले, "तू शेजारी होतास. खरंच लागलं नव्हतं ना रे त्यांना?"

इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली, त्याचा उपयोग मला त्या क्षणी झाला.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "एक धक्का नाही."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. उतारावर ती नेहमीपेक्षा हळूच घेतली, मागची सीट रिकामी असूनसुद्धा.