पाय आपटायची मोकळी जागा

वीणाताई मोघे घरात इतक्या हळू चालतात, की मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहायला आले तेव्हा पहिला आठवडा मला वाटायचं, बाई बाहेरगावीच असतात. पायांत जाड लोकरीचे मोजे. मिक्सरखाली टॉवेलची घडी, आणि चटणी वाटताना वरून उशी दाबून धरायची. रविवारी तर तेही नाही. रविवारी रूहेत्साइट, म्हणजे शांततेची सक्ती. त्या दिवशी मोघ्यांकडे पोह्यांतले शेंगदाणेसुद्धा जपून चावतात.

"उगाच खालून दांडा नको वाजायला," त्या म्हणतात.

न्युरेम्बर्गमधल्या असल्या जुन्या इमारतींमध्ये वरच्यांचा त्रास झाला की खालचे झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. वीणाताईंच्या खाली राहतात फ्राउ ह्युब्नर, पोस्टातून निवृत्त झालेल्या. कुणाची सायकल जरा तिरकी दिसली तरी जिना चढून येऊन सांगणाऱ्या. इतक्या वर्षांत त्यांचा दांडा एकदाही वाजला नव्हता. वीणाताईंना याचा अभिमान, सोसायटीत मेंटेनन्स कधी न थकवल्यासारखा.

आणि अशा बाईला आवडतं काय? आइसलँडचं पंक रॉक!

"पण हे तुम्हाला लागलं कसं?" मी विचारलं होतं.

"अगं, चिंचवडहून इथे आले तेव्हा जर्मनचा ठो कळत नव्हता. बेकरीत, बसमध्ये, सगळीकडे मी एकटीच ढ. मग लायब्ररीत यांची सीडी सापडली. बाई नुसती तावातावाने भांडतेय, आणि इथल्या एकाला त्यातलं अक्षर कळत नाही! म्हटलं चला, इथे सगळेच ढ."

बँडचं नाव काल्दिर फाइतुर, म्हणजे थंड पाय. तिघीजणी. वीणाताई दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि संध्याकाळी हेडफोन लावून, डोळे मिटून खुर्चीत बसतात. बघणाऱ्याला वाटावं, बाई जप करतायत.

यंदा बऱ्याच वर्षांनी त्या तिघींचा नवा अल्बम आला. वीणाताईंनी एलपी मागवली. कव्हरवर बुटांचे ठसे आणि खाली इंग्रजीत सूचना: शेवटच्या गाण्यात मधेच सगळं थांबेल. तिथे तुम्ही पाय आपटायचे. हेडफोन काढा.

वीणाताई कव्हर मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"एकदा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एकदाच, उल्हास. माझ्या घरात, स्पीकरवर, पाय आपटून."

"लाकडी जमीन आहे, वीणा. ह्युब्नरबाई खालून थेट पोलीसच बोलावतील."

"मग त्यांनाच वर बोलावू. सगळ्यांना बोलावू! खाली कुणी उरलंच नाही, तर तक्रार करणार कोण?"

इथे घरी पार्टी असली की जिन्यात आधी सूचना लावतात. ती उल्हासरावांनीच लिहिली: शनिवारी सहा वाजता आमच्याकडे संगीत, थोडा आवाज होईल, अवश्य यावे, बटाटेवडे आहेत.

"यात पंक कुठेय?" वीणाताईंनी विचारलं.

"तो शब्द वाचून कोण येईल?"

शनिवारी सगळे आले. वरच्या मजल्यावरचं तरुण जोडपं चक्क योगाची चटई घेऊन आलं. तळमजल्यावरचे हेर फोग्ट सुती झब्बा घालून. फ्राउ ह्युब्नर स्वतःची उशी घेऊन पहिल्या रांगेत. बूट बाहेर काढून सगळे मांडी घालून बसले, आणि कुणीतरी उदबत्ती आहे का म्हणून विचारलं.

मी वडे तळता तळता दारातून बघत होते. मैथिली, त्यांची पंधरा वर्षांची लेक, आईच्या कानात जर्मनमध्ये पुटपुटली, "ममा, हे सतार ऐकायला आलेत."

"ऐक," उल्हासराव कुजबुजले, "माझ्या फोनवर संतूर आहे. लावून टाकू. वडे खातील आणि जातील. तुझं गाणं मग कधीतरी…"

"कधी?"

"बघू ना."

वीणाताईंनी रेकॉर्ड छातीशी धरली होती. चेहरा असा, की आता संतूरच लागणार असं मला वाटलं. पण त्या खोलीच्या मधोमध गेल्या.

"माफ करा," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "हे भारतीय संगीत नाही. आइसलँडचं पंक आहे. खूप मोठा आवाज आहे. मी इतकी वर्षं हेडफोनवर ऐकलं, कुणाला त्रास नको म्हणून. आज मोठ्याने ऐकायचंय. ज्यांना जायचंय, त्यांना वडे बांधून देते."

मग फ्राउ ह्युब्नरनी घसा खाकरला.

"त्रास नको म्हणून? फ्राउ मोघे, तुमचा उजवा पाय रोज संध्याकाळी माझ्या छतावर वाजतो. ठक-ठक, ठक. ठक-ठक, ठक."

वीणाताई पांढऱ्याफटक. "मग… तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"सुरुवातीला दांडा उचलला होता. पण पाय तालात होता. नुसता ताल, गाणं नाही! इतकी वर्षं मी विचार करतेय, हे गाणं आहे तरी कुठलं. लावा आता."

"गेनाऊ! अगदी बरोबर. लावा," हेर फोग्ट म्हणाले. त्यांच्या तोंडात वडा होता.

सुई टेकली. पहिल्या किंकाळीला योगाची चटई गुंडाळली गेली. तिसऱ्या गाण्यापर्यंत हेर फोग्टच्या झब्ब्याला चटणी लागली होती आणि त्यांना पर्वा नव्हती. शेवटच्या गाण्यात सगळं एकदम थांबलं. वीणाताईंनी मोजे काढले आणि अनवाणी पाय आपटला. मग सगळ्यांनी. काचेच्या कपाटातल्या वाट्या नाचल्या, सुई उडाली आणि गाणं मागे गेलं. पुन्हा ती मोकळी जागा आली.

"नॉखमाल! पुन्हा एकदा!" फ्राउ ह्युब्नर ओरडल्या. पुन्हा पाय, पुन्हा सुई. ते गाणं त्या दिवशी संपलंच नाही.

सोमवारी मिक्सर परत टॉवेलवर आणि हेडफोन परत कानावर. मी शेजारी भाजी निवडत होते. तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. दांडा!

मी घाबरून वीणाताईंचा हेडफोन ओढला. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. ठक-ठक… ठक.

"तक्रार आहे का गं?" आतून उल्हासरावांनी विचारलं.

"छे," वीणाताई म्हणाल्या आणि पुन्हा पाय वाजवू लागल्या. "जरा मागे पडतायत. पण येईल त्यांना."