आतोबांच्या छातीतली डबी

आमच्या आतोबांइतका मन लावून घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आत्याचे हे यजमान ठाण्याहून इस्राएलला आले, किर्यात गात या गावच्या कापडगिरणीत पंचवीस वर्षं राबले, पण लिफ्टवर त्यांचा विश्वास कधी बसला नाही. ते आधी आत्याला वर पाठवत आणि ती सुखरूप पोहोचल्याची हाक आली की स्वतः जिन्याने चढत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे आम्हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस उतरल्यावर, त्यांनी टीव्हीवर एक माहितीपट पाहिला. माणसाच्या अंगात यंत्रं बसवायची, मेंदू कॉम्प्युटरला जोडायचा, मग म्हातारपण नाही की मरण नाही, असं त्यातले प्रोफेसर हसतमुखाने सांगत होते. खालची हिब्रू अक्षरं आतोबांना निम्मीच वाचता आली. उरलेलं निम्मं त्यांनी भीतीने भरून काढलं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या कॉम्प्युटरवर टॉवेल पडला. गावातल्या कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याशी ते हात न मिळवता, खिशात हात घालूनच बोलू लागले. "अबा, सिनेमा होता तो नुसता," लेक हिब्रूत म्हणाली. आतोबा मराठीत उत्तरले, "सिनेमात गाणी असतात. यात एकही नव्हतं."

आम्ही हसलो. मग एके सकाळी ते बसस्टॉपवर चक्कर येऊन पडले. मी गावातल्याच दवाखान्यात नर्स. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ठोके मध्येच थांबताहेत, छातीत पेसमेकरची डबी बसवावी लागेल, उशीर नको.

आतोबांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तेच की," ते मला हळूच म्हणाले. "माझी वेळ आली आणि ही डबी थांबलीच नाही, तर मी गेलो हे तुम्हांला कळणार कसं? आणि मला?"

मी परोपरीने सांगितलं की ती डबी नुसती हृदयाला आठवण करून देते. त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली नाही. चार दिवस गेले, आणखी दोनदा चक्कर आली. त्यांची नाडी पाहताना दोन ठोक्यांमधली पोकळी माझ्या बोटांना लागली आणि माझं हसू संपलं.

शेवटी आत्याच बोलली. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत, वर न पाहता. "तुम्ही निम्मे यंत्र झालात तरी मला चालेल. पण गेलात तर या घरात माझ्याशी मराठी कोण बोलणार? मुलांना काही विचारलं की हिब्रूत उत्तर येतं."

आतोबांनी पेन मागितलं.

बेरशेबाच्या हॉस्पिटलात भूल उतरल्यावर त्यांचे पहिले शब्द होते, "मला काहीतरी विचार. मीच आहे का बघ."

"मेंदीच्या दिवशी मी कुठली साडी नेसले होते?" आत्याने विचारलं.

त्यांनी पुष्कळ वेळ डोळे मिटून विचार केला. "हिरवी."

आत्या माझ्याकडे वळली. "पिवळी होती. तेच आहेत."

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. घाबरत घाबरत, पण जगले. एकदा आमच्या दवाखान्यात तपासणीला आले, तेव्हा बाकावर एक मोरोक्कन म्हातारी रडत बसली होती. तिलाही तीच डबी बसवायची होती. मी बोलून बोलून दमले होते. आतोबा तिच्या शेजारी बसले, शर्टाचं वरचं बटण काढून त्यांनी तिला छातीवरचा व्रण दाखवला. बटण काढताना त्यांचा हात थरथरत होता. मोडक्या हिब्रूत ते म्हणाले, "भीती जात नाही, बाई. पण चहा पूर्वीसारखाच गोड लागतो."

म्हातारीने डोळे पुसले आणि उठून आत गेली.

आता आतोबा नाहीत. त्या बाकावर अजून कोणी ना कोणी रडत बसलेलं असतं. मी जाऊन शेजारी बसते, सगळं नीट समजावते. पण माझा हात थरथरत नाही, म्हणून की काय, त्यांना ते फारसं पटत नाही.